डब्लिनमध्ये राहून पाठिंबा कुणाला: टीव्हीवरच्या इंग्लिश क्लबला की शुक्रवारच्या गावच्या संघाला?

डब्लिनला नोकरीनिमित्त येणारा मराठी फुटबॉलवेडा आपला क्लब सोबत घेऊनच विमानातून उतरतो. रात्री जागून पाहिलेलं मँचेस्टर युनायटेड, नाहीतर लिव्हरपूल, नाहीतर आर्सेनल. इथे आल्यावर त्याला बरंच वाटतं, कारण ऑफिसातले आयरिश लोकही सोमवारी सकाळी याच क्लबांवरून भांडत असतात. मग कधीतरी असा एखादा सहकारी भेटतो, जो या सगळ्यांकडे जरा तिरक्या नजरेने बघतो. तो दर शुक्रवारी संध्याकाळी डॅलीमाउंटला नाहीतर टोल्का पार्कला, म्हणजे डब्लिनमधल्याच क्लबांच्या मैदानांवर जातो, आणि इंग्लिश क्लबांवर जीव टाकणाऱ्या आपल्याच देशबांधवांना 'बारस्टूलर' म्हणतो. पबमधल्या स्टुलावर बसून पाठिंबा देणारे, अशा अर्थाने.

आयरिश चाहत्याने आयरिश लीगलाच, म्हणजे लीग ऑफ आयर्लंडलाच, पाठिंबा द्यायला हवा का, हा इथला जुना वाद आहे. तुम्ही आयर्लंडमध्ये राहत असाल आणि सीझन तिकीट घ्यावं की टीव्हीचं सबस्क्रिप्शन पुरे, या विचारात असाल, तर तो वाद आता तुमचाही झाला. माझं मत आधीच सांगून टाकतो: मैदानापासून तासाभराच्या अंतरावर राहत असाल तर जा. पण 'देशी लीग म्हणून कर्तव्य' हे कारण मला पटत नाही. करमणुकीच्या बाबतीत कर्तव्याची भाषा आली की माणूस दोनदा जातो आणि तिसऱ्यांदा घरी बसतो. जाण्याची कारणं वेगळी आहेत, आणि न जाण्याचीही काही खरी आहेत.

इंग्लंडचं नातं खोटं नाही

लीगवाल्यांचा एक आरोप असतो की आयरिश माणसाचं मँचेस्टर-लिव्हरपूलचं वेड म्हणजे निव्वळ झगमगाटाची भूल. हे अन्यायाचं आहे. डब्लिनच्या कॅब्रा भागात एका पुलाला लियम व्हेलनचं नाव दिलेलं आहे. इथेच वाढलेला हा मुलगा युनायटेडमध्ये गेला. सप्टेंबर १९५७ मध्ये युनायटेडचा संघ युरोपियन कपसाठी डब्लिनला आला, तेव्हा डॅलीमाउंट पार्कवर सुमारे ४५ हजारांच्या गर्दीसमोर त्याने डब्लिनच्याच शॅमरॉक रोव्हर्सविरुद्ध दोन गोल केले. रोव्हर्स ०-६ असे हरले. पाच महिन्यांनी म्युनिकला युनायटेडच्या संघाच्या विमानाला झालेल्या अपघातात व्हेलन गेला, वय २२. तो पूल डॅलीमाउंटपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या भागातल्या एखाद्या घरात तीन पिढ्या युनायटेडच्या असतील तर त्यांना ढोंगी कोण म्हणणार?

१९७९ चा एफए कप जिंकणाऱ्या आर्सेनलमध्ये लियम ब्रेडी, फ्रँक स्टेपलटन आणि डेव्हिड ओ'लिअरी हे तिघे डब्लिनमध्ये वाढलेले होते. ग्लासगोचा सेल्टिक क्लब तर स्लायगो परगण्यातून गेलेल्या ब्रदर वॉलफ्रिड यांनी तिथल्या गरीब आयरिश वस्तीसाठी १८८७ मध्ये उभा केला. आणि प्रत्येक आयरिश घरातलं कुणी ना कुणी लिव्हरपूल, मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅमला मजुरीला, नर्सिंगला गेलेलं असतंच. ते लोक सुट्टीला घरी येताना क्लबचं वेडही घेऊन येत.

आज मात्र यातला बराच धागा विरला आहे. प्रीमियर लीगच्या मोठ्या क्लबांत आयरिश खेळाडू मोजकेच उरलेत. पूर्वी आपल्या गल्लीतला पोरगा तिकडे खेळतो म्हणून तो क्लब आपला, असं होतं. आता उरली आहे ती वडिलोपार्जित सवय. सवय वाईट नाही, पण १९७९ मधलं कारण आज जसंच्या तसं सांगता येत नाही.

खेळाचा दर्जा

इथे लपवाछपवी नको. प्रीमियर लीग आणि लीग ऑफ आयर्लंड यांच्यात दर्जाची दरी प्रचंड आहे. प्रीमियर लीगमध्ये तळाला राहणाऱ्या क्लबलाही एका हंगामात १० कोटी पौंडांहून जास्त मिळतात. इकडे एखाद्या आयरिश क्लबने युरोपातल्या तिसऱ्या पायरीच्या कॉन्फरन्स लीगचा मुख्य टप्पा गाठला की मिळणारे ३० लाखांहून जास्त युरो म्हणजे अख्ख्या क्लबचं नशीब पालटणारी रक्कम. डिसेंबर २०२४ मध्ये याच स्पर्धेत शॅमरॉक रोव्हर्स चेल्सीच्या मैदानावर खेळले आणि १-५ हरले. चेल्सीने त्या स्पर्धेत मुख्य खेळाडूंना बऱ्यापैकी विश्रांती दिली होती, तरीही.

पण तीच मोहीम पूर्ण पाहिली तर चित्र बदलतं. त्या टप्प्यात रोव्हर्सचे सहा सामने झाले आणि ते हरले फक्त चेल्सीकडून. पुढच्या फेरीत नॉर्वेच्या मोल्डेला त्यांच्याच मैदानावर १-० ने हरवलं. गोल करणारा मायकल नूनन सोळा वर्षांचा होता. परतीच्या सामन्यात पेनल्टीवर गाडी अडली. पुढच्याच हंगामात रोव्हर्स आणि शेलबर्न असे दोन आयरिश क्लब या टप्प्यात पोहोचले. २०११ मध्ये रोव्हर्सनी बेलग्रेडला जाऊन पार्टिझानला हरवलं आणि युरोपा लीगच्या गटात जागा मिळवली, तेव्हा असं करणारा तो पहिला आयरिश क्लब होता. म्हणजे दर्जा वर सरकतोय, पण तुम्ही डी ब्रुयनेचा पास बघायला येत असाल तर शुक्रवारची संध्याकाळ फुकट जाईल.

मैदानावर दिसतं ते वेगळं असतं. डॅलीमाउंटला कठड्याला टेकून उभं राहिलात तर विंगर आणि तुमच्यात काही पावलांचं अंतर. गोलरक्षक बचावपटूंना ज्या शिव्या घालतो त्या शब्दन् शब्द ऐकू येतात. डब्लिनच्या शिव्या शिकायच्या असतील तर याहून चांगली शाळा नाही. चेंडू डोक्याला लागल्याचा आवाज येतो, आणि तो टीव्हीवर ऐकून वाटतो त्यापेक्षा बराच ओला, जड असतो. बदली खेळाडू समोरच रेषेबाहेर धावत सराव करत असतो आणि मागून कुणीतरी त्याच्या आईची खुशाली विचारतं, कारण ती शेजारच्याच रस्त्यावर राहते. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. इथे तुम्ही चेंडू सोडून एकाच डावखुऱ्या बचावपटूवर दहा मिनिटं नजर ठेवू शकता: तो कधी पुढे सरकतो, कधी मागे राहतो, कुणाला हाताने खुणावतो. फुटबॉल कसा खेळला जातो हे मला टीव्हीवरच्या इतक्या वर्षांत समजलं नव्हतं तेवढं इथे समजलं.

पैसे आणि वेळ

लीग ऑफ आयर्लंडच्या प्रीमियर डिव्हिजनचं मोठ्या माणसाचं तिकीट साधारण १५ ते २० युरोंच्या घरात असतं आणि मुलांचं बरंच स्वस्त. सामना शुक्रवारी पावणेआठला सुरू, दहाच्या आत संपतो. लुआसने, म्हणजे डब्लिनच्या ट्रामने जा, लुआसने या.

इंग्लंडला जायचं म्हणजे आधी क्लबचं सभासदत्व, मग तिकिटाची सोडत, मग विमान किंवा होलीहेडची बोट, मग हॉटेल. विमानाला तास लागत नाही हे खरं, पण चौघांचं कुटुंब नेलं तर हजार युरो गेलेच समजा. त्यात आपल्याकडच्या पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. आयरिश शेजाऱ्याला हा प्रश्न नाही, म्हणून तो 'अरे, वीकेंडला जाऊन ये' असं सहज म्हणून जातो. भारतीय पासपोर्टवाल्याच्या हिशोबात हा एकच मुद्दा तराजू बराच झुकवतो.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: दोन्ही लीगची वेळापत्रकं फारशी एकमेकांच्या आड येत नाहीत. आयरिश लीग २००३ पासून उन्हाळी हंगामात खेळली जाते, फेब्रुवारीत सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते. प्रीमियर लीगचे सामने मुख्यतः शनिवार-रविवारी, इकडचे शुक्रवारी. जुलैत इंग्लिश क्लब अमेरिकेत नाहीतर आशियात सराव सामन्यांचा गल्ला भरत फिरतात, तेव्हा इथे लीग ऐन रंगात असते. जूनमध्ये डब्लिनला सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. स्वच्छ उजेडात दुसरा हाफ बघत उभं राहणं हा या देशातल्या मोजक्या भरवशाच्या सुखांपैकी एक. फेब्रुवारीचा शुक्रवार मात्र वेगळा. आडवा पाऊस, गार कठडा आणि ०-०. सीझन तिकीट घेण्याआधी एक सामना तेव्हाचाही पाहून घ्यावा.

तुमच्या पाठिंब्याने फरक पडतो कुठे

मला विचाराल तर निर्णय इथे व्हायला हवा.

तुम्ही लिव्हरपूलचा शर्ट घेतलात किंवा नाही घेतलात, लिव्हरपूलचं काही अडत नाही. इकडे चारशे माणसं कमी आली तर पुढच्या महिन्याच्या पगाराची चर्चा सुरू होते. शॅमरॉक रोव्हर्सचं मिलटाउनचं मैदान मालकांनी १९८७ मध्ये विकून टाकलं आणि तिथे घरं उभी राहिली. देशातला सर्वाधिक विजेतेपदं मिळवलेला क्लब त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ दुसऱ्यांच्या मैदानांवर भाड्याने खेळला. २००५ मध्ये दिवाळखोरीच्या काठावरून तो क्लब चाहत्यांनी ताब्यात घेतला, आणि २००९ मध्ये डब्लिनच्या टॅला उपनगरातल्या नव्या मैदानात त्याला घर मिळालं. २०२० ते २०२३ सलग चार वेळा लीग आणि २०२५ मध्ये लीग आणि कप दोन्ही. त्या वाईट दिवसांत डबे घेऊन निधी गोळा करत फिरणारे लोक आजही स्टँडमध्ये बसलेले असतात. त्यांच्याशी बोला, ते थांबत नाहीत.

बोहेमियन्स, म्हणजे बोह्ज, १८९० चा क्लब. आजही तो सभासदांच्या मालकीचा आहे. वार्षिक सभासदत्व घेतलं की सभेत मत देता येतं. २०२० मध्ये त्यांनी निर्वासितांचं स्वागत करणाऱ्या ओळीचा शर्ट काढला, अॅम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संघटनेसोबत. जगभरातून मागणी आली. शर्ट विकून क्लब चालवणं ही या लोकांची खास कला आहे, आणि अधूनमधून ती अंगाशीही येते. २०१८ मध्ये बॉब मार्लेचं चित्र असलेला शर्ट परवान्याच्या घोळामुळे मागे घ्यावा लागला होता. मार्ले १९८० मध्ये डॅलीमाउंटवर गायला होता, म्हणून ती कल्पना.

कोल्हापूरकरांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांच्या सामन्याला ज्या हट्टाने पेठा येतात, त्याच हट्टाचं हे गाव. बोह्ज-रोव्हर्स डर्बीची, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या लढतीची, तिकिटं हां हां म्हणता संपतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये हीच लढत राष्ट्रीय संघाच्या अविवा स्टेडियमवर ठेवली, तर ३३ हजारांहून जास्त लोक आले. लीगच्या इतिहासात एवढी गर्दी आधी झाली नव्हती.

खेळाडू घडवण्याचा मुद्दा यालाच लागून येतो. पूर्वी हुशार आयरिश पोरगा पंधरा-सोळाव्या वर्षी इंग्लंडला जाई, आणि बरेचसे एकोणिसाव्या वर्षी हात हलवत परत येत. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, अठरा वर्षांखालच्या आयरिश खेळाडूला ब्रिटिश क्लबात जाता येत नाही. म्हणून आता ती मुलं इथेच, लीगमध्ये, मोठ्यांच्या लाथा खात वाढतात. सेंट पॅट्रिक्सचा मेसन मीलिया याच वाटेने टॉटनहॅमला गेला, सुमारे १९ लाख युरोंच्या विक्रमी किमतीला. ही रक्कम किती मोठी हे कळायला सीमस कोलमनचा व्यवहार आठवावा. २००९ मध्ये स्लायगो रोव्हर्सकडून एव्हर्टनने त्याला घेतलं ते ६० हजार पौंडांत. तो पुढे एव्हर्टनचा आणि देशाचा कप्तान झाला. रॉय कीनही कोव्ह रॅम्बलर्स या छोट्या क्लबातून १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. राष्ट्रीय संघ २००२ नंतर वर्ल्ड कप खेळलेला नाही म्हणून जे लोक पबमध्ये हळहळतात, त्यांनी या यादीकडे एकदा बघावं आणि शेवटचं कधी मैदानावर गेलो होतो ते आठवावं.

न जाण्याची खरी कारणं

मैदानं जुनी आहेत. डॅलीमाउंट महापालिकेने २०१५ मध्ये विकत घेतलं, नव्याने बांधण्याची योजना वर्षानुवर्षं कागदावर पुढे सरकत राहिली, आणि तिथल्या स्वच्छतागृहांबद्दल मी लिहीत नाही, तुम्ही नुकतेच जेवला असाल. शाकाहारी माणसाला चिप्सवर करी सॉस एवढाच पर्याय बहुतेक ठिकाणी. तो सॉस आपल्या करीचा दूरचा, भांडून वेगळा झालेला नातेवाईक आहे.

संघटनेचा कारभार हा दुसरा राग. फुटबॉल असोसिएशन ऑफ आयर्लंडवर २०१९ च्या शेवटी साडेपाच कोटी युरोंची देणी असल्याचं बाहेर आलं आणि २०२० च्या सुरुवातीला सरकारला मदतीला धावावं लागलं. त्याआधी अनेक वर्षं प्रमुख राहिलेले जॉन डिलेनी यांनी एकदा या लीगला 'अवघड मूल' म्हटलं होतं. लीगचे चाहते ते विसरलेले नाहीत, आणि त्यांनी का विसरावं?

क्लब बुडण्याची भीतीही खरी आहे. डनडॉक २०१६ मध्ये युरोपा लीगच्या गटात सामना जिंकून आला होता. २०२४ मध्ये तोच क्लब पैशांअभावी बंद पडता पडता वाचला, खालच्या विभागात गेला, आणि एका वर्षात ती लीग जिंकून परत आला. ड्रॉहेडाची गोष्ट आणखी चीड आणणारी. २०२४ चा कप जिंकून युरोपात खेळण्याचा हक्क कमावला, पण त्यांच्या अमेरिकी मालकांचाच डेन्मार्कमधला सिल्केबोर्गही त्याच स्पर्धेत होता, म्हणून युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, ड्रॉहेडाला बाहेर काढलं. चाहत्यांचं त्यात काय चुकलं? आणि युरोपातल्या पैशांमुळे रोव्हर्स बाकीच्यांपेक्षा पुढे निघून जाताहेत, तेव्हा लीग एकतर्फी होण्याचा धोका आहेच. अर्थात २०२४ मध्ये प्रशिक्षक डेमियन डफच्या शेलबर्नने शेवटच्या दिवशी डेरीमध्ये, सामना संपायला पाचेक मिनिटं असताना गोल करून लीग खेचून नेली होती. असं अधूनमधून होतं म्हणून लोक येतात.

आणखी एक काळजी आपल्या लोकांची. जुलै २०२५ मध्ये टॅलात एका भारतीय माणसावर हल्ला झाला, तेव्हापासून रात्री बाहेर पडावं की नाही यावर इथल्या भारतीय घरांत बोलणं होतं. त्या हल्ल्यानंतर टॅलातलेच शेकडो रहिवासी निषेधासाठी रस्त्यावर उतरले होते, हेही त्याच बातमीतलं. मैदानाच्या आत, कुटुंबांच्या स्टँडमध्ये, मला कधी अवघडल्यासारखं झालेलं नाही. काळजी वाटत असेल तर चार जण मिळून जा, सामना संपल्यावर रेंगाळू नका, गर्दीसोबतच लुआस पकडा. पाहुण्या संघाच्या कोपऱ्यापासून, जिथे धुराचे फटाके पेटतात तिथून, मुलांना लांब ठेवा.

मग कुणी काय करावं

दोन वर्षांच्या करारावर आला असाल आणि शनिवार-रविवार मुलांच्या क्लासांत जात असतील, तर टीव्हीवरचा क्लब पुरे. अधूनमधून एखादा शुक्रवार जमला तर बोनस. रात्रपाळीवाल्यांनी आयरिश लीगच्या ऑनलाइन सेवेचा विचार करावा, पण खरं सांगायचं तर ही लीग पडद्यावर बघण्यात निम्मी मजा जाते. सहा ते बारा वर्षांची मुलं असतील तर मात्र मी सरळ सीझन तिकीटच घ्या म्हणेन. त्या वयातल्या पोराला सालाहचं पोस्टर आवडतं, पण सामन्यानंतर कठड्यापाशी येऊन सही देणारा स्थानिक मिडफिल्डर त्याला जास्त दिवस लक्षात राहतो. घर घेऊन कायमचे राहणाऱ्यांना तर विचारण्यासारखं काही उरतच नाही. शाळा, डॉक्टर, किराणा सगळं इथलं, मग क्लब तेवढा मँचेस्टरचा कशाला? तोही ठेवा, हाही धरा.

क्लब निवडताना घरापासूनचं अंतर बघा, टेबलमधला क्रमांक नको. दक्षिण-पश्चिमेला, लुआसच्या लाल मार्गावर राहत असाल तर टॅला आणि रोव्हर्स: मैदान नवं, बसायला नीट जागा, लहान मुलांसाठी सगळ्यात सोयीचं. उत्तरेला फिब्सबरो, कॅब्रा, ग्लासनेविनकडे बोह्ज, पण तिकीट मिळवणं हीच तिथली परीक्षा. ड्रमकॉन्ड्राजवळ शेलबर्नचं टोल्का पार्क, इंचिकोरमध्ये घरांच्या रांगेत दडलेलं सेंट पॅट्रिक्सचं रिचमंड पार्क. गॉलवे, स्लायगो, वॉटरफर्ड, डेरीला असाल तर प्रश्नच नाही, गावात एकच मोठा क्लब. डेरीवाल्यांची गंमत अशी की गाव उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत, आणि क्लब १९८५ पासून इकडच्या लीगमध्ये. त्यामुळे पाहुण्या संघासोबत तिकडे जायचं झालं तर पुन्हा व्हिसाचं बघावं लागेल.

पहिला सामना डर्बीचा निवडू नका. तिकीट मिळणार नाही, आणि मिळालं तरी सगळा वेळ गर्दी बघण्यात जाईल. मे महिन्यातला, स्लायगो किंवा वॉटरफर्डविरुद्धचा साधासा सामना धरा. प्रत्येक संघ दुसऱ्याशी हंगामात चार वेळा खेळतो, त्यामुळे एखादा शुक्रवार चुकला तरी तोच संघ पुन्हा येतोच. तिकीट क्लबच्या संकेतस्थळावर आधी काढा, सात वाजेपर्यंत पोहोचा, आणि मे असला तरी जाकीट न्या.